मधल्या विमानतळावर

मुलाने फोनवर सगळं सोपं करून सांगितलं होतं. दोन विमानतळांमधलं अंतर बारा हजार किलोमीटर, दोन विमानं मिळून सोळा तास. "झोपलीस की पोचलीस, आई!"

त्या सोळा तासांत, कायमचं मुलाकडे जायचं म्हणून घर आवरून कुलूप लावण्याचे आठवडे धरलेले नव्हते, सामानाच्या रांगा नव्हत्या, की मध्ये विमान बदलताना ताटकळणं नव्हतं. आईला एकटीला जमणार नाही म्हणून सुनेने रजा टाकली आणि तिला न्यायला आली. दोघींचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणं जेवढ्यास तेवढं.

पहिल्या विमानात सासूबाई समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत बसल्या.

"अगं, हे हलतंय ना?"

"हलतंय, आई."

"मग आपण अजून समुद्रावरच कशा?"

सुनेचा जरा डोळा लागला, की कोपराने ढोसणं ठरलेलं.

मधल्या विमानतळावर उतरल्या तेव्हा दोघींचे पाय सुजले होते. बऱ्याच वेळाने पुढच्या विमानाची घोषणा झाली. माणसं रांगेत उभी राहिली. सासूबाई खुर्चीतून उठेचनात.

"आई, चला. दार बंद करतील."

"करू देत. मी नाही येत."

"नाही येत म्हणजे? इथे राहणार आहात का?"

"राहीन. तू जा."

सुनेने त्यांचा हात धरला, मग सोडला. बॅग उचलून थोडी पुढे गेली आणि परत आली. समजूत घालायलासुद्धा तिच्यात जीव उरला नव्हता. ती तिथेच फरशीवर बसली.

"खरं सांगू, आई? तुम्हाला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. ते म्हणाले म्हणून आले."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मी तरी काय? तो म्हणाला म्हणूनच निघाले."

दोघींना हसू फुटलं, पण मोठ्याने हसण्याचं त्राण नव्हतं. ध्वनिक्षेपकावरून कोणीतरी त्यांची नावं पार मोडून-तोडून पुकारत होतं. एकही उठली नाही. विमान गेलं.

कळल्यावर मुलगा फोनवर भडकला. सासूबाईंनी सुनेच्या हातून फोन घेतला.

"ओरडू नकोस. आम्ही दमलोय. तीन महिने राहीन, मग मला माझ्या घरी सोडायचं. आणि सोडायला तू यायचंस. हिला पिटाळायचं नाही."

मुलाने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "बरं."

विमान कंपनीच्या खिडकीवरच्या बाईने तोंड वाकडं करत दुसऱ्या दिवशीची तिकिटं करून दिली. जवळच्या हॉटेलात दोघी कपडेही न बदलता आडव्या झाल्या.

तीन महिन्यांचे चार झाले, पण मुलगा खरंच त्यांना सोडायला निघाला. सून दारापर्यंत आली, वाकून नमस्कार केला, "पोचलात की फोन करा" म्हणाली, आणि गाडी वळताच परत जाऊन पांघरुणात शिरली.