आईचे दहा किर्श

खलफानमास्तरांकडे तीनशे बारा किर्श होते आणि त्या सगळ्यांवर एकच बाई आणि एकच साल होतं. किर्श म्हणजे ते परदेशी राणीचं जाडजूड चांदीचं नाणं. राणी जाऊन कितीतरी पिढ्या लोटल्या, पण नाणी पाडणारे तिच्याच तोंडाची नाणी पाडत राहिले आणि सतराशे ऐंशी हे साल बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. मास्तरांच्या लहानपणी निझवा गावात बकरीही याच नाण्यावर मिळायची आणि नवरीचे दागिनेही याच चांदीचे व्हायचे.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून रोज दुपारी भिंग घेऊन बसायचे. राणीच्या खांद्यावरच्या पिनेत मोती किती, मागच्या गरुडाच्या शेपटीला पिसं किती, यावरून नाणं कोणत्या टाकसाळीतलं ते सांगायचे. ऐकायला बहुधा कुणीच नसायचं. त्यांची बायको शम्सा चहाचा कप आपटत म्हणायची, "लोक एक सवत आणतात. यांनी तीनशे आणल्या, आणि त्याही एकाच तोंडाच्या." मास्तर हसून भिंग पुसायचे.

रोजे लागायच्या आधीच्या शाबान महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या थोरल्या बहिणीने, झुवैनाताईने, त्यांना बोलावून घेतलं. ईदनंतर तिच्या नातीचं, रय्याचं लग्न होतं. कहवा झाला, खजूर झाले, मग ताईने गळ्यातली दहा किर्शांची माळ काढून मास्तरांच्या हातात ठेवली. गुडघ्यांमुळे तिला बाजारात जाणं जमत नव्हतं. सुवैद सोनाराकडे माळ नेऊन वितळवायची आणि रय्याला दोन कडी करून आणायची, एवढं तिचं काम होतं.

ती माळ आईची होती.

त्यांच्याकडची जुनी रीत अशी, की गेलेल्या बाईची चांदी कुणी अंगावर घालत नाही. ती वितळवायची आणि तिचं घरातल्या नव्या नवरीसाठी नवं काहीतरी घडवायचं. आई गेली तेव्हा खलफान नऊ वर्षांचा होता. दफनाला तो रडला नाही. आठवडाभराने वडिलांचं बोट धरून सोनाराच्या दारात उभा असताना आईचे बाजूबंद मुशीत खाली बसताना दिसले आणि तिथे त्याने जो टाहो फोडला, तो अख्ख्या बाजाराने ऐकला. ही माळ तेवढी वाचली होती, कारण ती आईने जिवंतपणीच, आदल्या वर्षी, झुवैनाच्या लग्नात स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली होती.

त्या माळेवरच खलफान आकडे शिकला होता. उन्हाळ्यात गच्चीवर आईच्या मांडीत पडून तो एकेक नाणं गालाला लावायचा, गार वाटायचं, आणि मोजायचा. सातव्या नाण्यावर आई हळूच बोट ठेवायची. मग माळ नऊचीच भरायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. पुढे पगार सुरू झाल्यावर त्यांनी पहिला किर्श विकत घेतला, मग दुसरा, मग छंदच जडला. लोकांना वाटायचं मास्तरांना इतिहासाची आवड आहे. मास्तर शोधत होते तो गच्चीवरचा गारवा, आणि तीनशे बारा नाण्यांत तो काही सापडला नव्हता.

त्यांनी ताईला विनवलं. "माझ्याकडे तीनशे आहेत. त्यातले हवे तेवढे घे, चांगले निवडून घे. हे तेवढे राहू दे."

"तुझे कुणाकुणाच्या गळ्यातून आलेले, कुणाला ठाऊक," ताई म्हणाली. "मी गेल्यावर ही वितळणारच आहे ना? मग माझ्या डोळ्यांदेखत वितळू दे. मला रय्याच्या हातात आई बघायची आहे."

"वितळल्यावर आई कुठे राहते, ताई?"

"तुला मास्तर कुणी केलं रे," ताई म्हणाली आणि विषय संपला.

मास्तर माळ घेऊन घरी आले. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलेल्या त्या माणसाने दार लावलं, आपल्या साठ्यातले झिजलेले दहा किर्श निवडले आणि ते रुमालात बांधले. आईचे दहा कपाटात, मखमलीच्या खणात गेले. राणीचं तोंड तेच, साल तेच, कोण ओळखणार? सुवैदने नाणी तळहातावर घेतली, अंगठ्याने चाचपली, मास्तरांच्या तोंडाकडे जरा बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "वितळवू ना, मास्तर?" मास्तरांनी मान हलवली.

सुवैदची पद्धत अशी, की आधी एकच कडं घडवायचं, ते नवरीच्या हातात घालून बघायचं आणि ते बसलं तरच दुसरं ओतायचं. दहा दिवसांनी पहिलं कडं घेऊन मास्तर ताईकडे गेले. पाच किर्शांचं भरीव कडं, वर टपोरे दाणे, सुंदर झालं होतं. ते रय्याच्या मनगटावर अगदी चपखल बसलं.

ताईला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. तिने रय्याचा हात ओढून कडं गालाला लावलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग ती नातीला सांगू लागली. आपली आई लांबून चालत आली तरी कशी ऐकू यायची, नाणी कशी वाजायची. लग्न होऊन ताई स्वतः सासरी निघाली तेव्हा हा खलफान माळ मुठीत धरून बसला होता, सोडेचना, एकेक बोट उघडावं लागलं. "आई तेव्हा माझ्या कानात काय म्हणाली, याला मी कधी सांगितलं नाही," ताई म्हणाली. "म्हणाली, माळ तुझी, पण येशील तेव्हा पोराला जरा जवळ घेऊन बस. मग मी यायचे आणि हा माझ्या गळ्यात पडून झोपायचा. त्याला वाटायचं मी लाड करते."

रय्या हसली आणि कडं फिरवत म्हणाली, "आजी, हे बघ, हातात कसं ऊबदार झालंय."

मास्तरांना ते सहन होईना. त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते म्हणाले, "ताई, हे आईचं नाही. मी नाणी बदलली. आईची माझ्याकडे आहेत."

रय्याने हात मागे घेतला. ताईने कहव्याचा पेला बाजूला सरकवला. मास्तर जमिनीकडे बघत राहिले.

ताईने विचारलं, "कुठे ठेवलीस?"

"कपाटात. मखमलीत."

"कपाटात," ताई म्हणाली. "ती बाई कधी दोन घटका घरात बसली नाही, आणि तू तिला कपाटात कोंडलंस."

मास्तर म्हणाले, हे कडं मोडू, उद्याच आईची दहाही नाणी सुवैदकडे देतो, पुन्हा नवी जोडी करू. रय्या आजीकडे बघत होती. ताईने तिचा हात पुन्हा ओढून घेतला आणि कड्यावरचे दाणे एकेक करून चाचपले.

"ही नाणी तू किती वर्षं जमवलीस?" तिने विचारलं.

"चाळीस. जास्तच असतील."

"कशासाठी ते मला ठाऊक आहे. शम्साला नसेल, मला आहे. हे मोडायचं नाही. दुसरं कडं आईच्या पाच नाण्यांचं कर. उरलेले पाच माझ्या गळ्यात परत घाल, मी काही अजून गेले नाही."

"ताई, जोडी दोन ठिकाणच्या चांदीची होईल."

"होऊ दे ना," ताई म्हणाली. "पोरीच्या एका हातात आई, दुसऱ्या हातात तू."

मास्तर रडले. अडुसष्ट वर्षांचा माणूस नातीसमोर रडला आणि ताईने त्याचं डोकं खांद्यावर ओढून त्याला रडू दिलं.