भट्टीवरचा मिठाचा डबा

“अगं, ही भाजी आहे की उकडलेला पाला?”

“डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय. गुपचूप जेवा.”

ह्यांचा रक्तदाब वाढला होता. डॉक्टर माझ्या माहेरच्या ओळखीतले. त्यांनी कामाचं विचारलं, तेव्हा ह्यांच्या आधी मीच बोलले, “काचेच्या कारखान्यात आहेत. ऑफिसात.” नवरा भट्टीवर राबतो, हे त्यांच्यासमोर सांगायला जीभ रेटेना. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून शर्टाची बाही नीट केली.

भट्टीपाशी एक पत्र्याचा डबा असे. तासातासाला चिमूटभर मीठ तळहातावर घ्यायचं, चाटायचं आणि वर पाणी प्यायचं, ही तिथली जुनी रीत. मला ठाऊक होती, म्हणून बजावलं, “त्या डब्याला हात लावलात तर माझी शपथ आहे.”

“शपथा काय घालतेस? मी काय शाळेतला पोरगा आहे?” हे हसले. पण शब्दाचे पक्के.

ह्यांच्या शर्टांवर पाठभर घामाच्या पांढऱ्या रेघा वाळलेल्या असत. दोन पाण्यांतून काढल्याशिवाय जात नसत. पंधरा दिवसांत त्या पुसट झाल्या. पिळताना मी कौतुकाने म्हणाले, “बघा, गुण येतोय.”

“हो ना. आता मीही अळणीच झालो,” हे म्हणाले आणि पोटरी चोळत बसले. पोटऱ्यांत गोळे यायचे. मी तेल लावून द्यायचे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी हे भट्टीसमोरच कोसळले. इस्पितळात पोचले तेव्हा शुद्धीवर नव्हते.

“घामातून नुसतं पाणी जात नाही, बाई, मीठही जातं,” तिथले डॉक्टर म्हणाले. “हे तांब्यामागून तांब्या पाणी पीत राहिले, पण गेलेलं मीठ भरून निघालं नाही. रक्तातलं मीठ फार उतरलंय, मेंदूला सूज आलीय. भट्टीवरच्या माणसाला मीठ तोडायला सांगितलं कुणी?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

ह्यांच्या जोडीला काच फुंकणारा एक सोबती होता. सगळे त्याला फुंक्याच म्हणत. तो भिंतीला टेकून रडत होता. “वहिनी, सकाळी त्याचे हात थरथरत होते. मी डबा पुढे केला. म्हणाला, नको रे, घरची शपथ आहे.”

दुसऱ्या दिवशी सगळं संपलं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. इस्पितळाच्या खिडकीतला तो कारकून अजून डोळ्यांसमोर आहे. नाव लिहिलं, वय लिहिलं, मग मान वर न करता त्याने विचारलं, “काम काय करायचे?”

फुंक्या माझ्या वतीने बोलणार होता. मी त्याला हातानेच थांबवलं.

“भट्टीवर होते,” मी म्हणाले. “काच फुंकायचे. बावीस वर्षं.”

कारकुनाला नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.