कागदावर उतरलेला सूर्य

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी पाण्याचा पाइप वाटते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. माझं अंग खरोखर पाइपाचंच आहे. जीव आहे तो तळाशी बसवलेल्या गोल आरशात.

जव्हारला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दामोदरकाकांनी तो आरसा स्वतः घडवला. दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालायचं आणि घासत राहायचं. हे पाच महिने चाललं, तेव्हा एक काच खोलगट झाली आणि तिच्यावर चकचकीत मुलामा चढला. सुशीलाकाकू शेजारणींना सांगत, "आमच्याकडे दळण घरीच होतं, फक्त ते खाता येत नाही."

पुढे काका मला संध्याकाळी दुकानासमोर मांडू लागले. लोक रांग लावून चंद्रावरचे खड्डे बघत. शनीची कडी पाहिल्यावर एक बाई तर आत चित्र चिकटवलंय का, ते माझ्या तोंडात डोकावून बघून गेल्या.

एका वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. पश्चिमेकडे मोकळं दिसतं म्हणून काका मला जीपमध्ये घालून सूर्यमाळला घेऊन गेले. पाड्यावर पोचलो तर सगळी दारं बंद. ओट्यावर एकटा नवसूआजा बसला होता.

"शेठ, आज गिऱ्हाण हाय," तो म्हणाला. "पोरां भायेर येणार नाय."

काकांनी वाद घातला नाही. थोडं पुढे जाऊन त्यांनी मला उभं केलं. माझ्यातून सूर्याकडे थेट पाहिलं तर डोळा कायमचा जातो. म्हणून त्यांनी माझ्या तोंडावर लहान भोकाचं झाकण बसवलं आणि जिथे एरवी डोळा लावतात, तिथून थोडं दूर पांढरा पुठ्ठा धरला. त्यावर वाटीएवढा सूर्य उमटला. त्याची कड जराशी कुरतडल्यासारखी दिसत होती.

इतक्यात आजाची नात पोशी मागच्या दाराने आली. ती तेव्हा पाचवीत होती. पुठ्ठ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"काका, गिऱ्हाण कधी सुटंल?"

"का गं?"

"आईच्या पोटात बाळ हाय. दुपारपासून तिला पानी नाय दिलं. सूर्य सुटलेला दिसला का मग द्यायचं, आजा बोलतो."

काकांचा चेहरा उतरला. सूर्य त्या दिवशी ग्रहणातच मावळणार होता. म्हणजे सुटलेला सूर्य उद्या सकाळीच दिसणार, आणि कविता, पोशीची आई, तोवर तहानलेलीच राहणार.

काकांनी पुठ्ठ्यावर कागद लावला आणि पोशीच्या हातात पेन्सिल दिली. "यावर सूर्य गिरव. मग जरा थांबून परत गिरव."

तिने कागदावर तीन सूर्य गिरवले. प्रत्येकात घास थोडा मोठा होता. कागद घेऊन ती ओट्याकडे धावली.

"हे कोनी काढलं?" आजाने विचारलं.

"सूर्यानंच. मी नुसती पेन्सिल फिरवली. तू चल ना."

आजा आला, पण कुरकुरत. पुठ्ठ्यासमोर त्याने आपला हात धरला. नांगराने घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर सूर्य येऊन बसला. आजाने मूठ मिटली, तर सूर्य बोटांवर बसला.

"हा आडवा कोन आला?"

"चंद्र," काका म्हणाले. "आपला रोजचाच."

आजाने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग घराच्या बंद दाराकडे. "माझ्या वाटंत बैल आडवा आला, तर घरातल्या बाईनं पानी सोडायचं का?" तो स्वतःशीच बोलला. मग पोशीला म्हणाला, "जा, आईला पानी दे. आनि भाकर पन."

कविता दोन तांबे पाणी प्यायली. मग एकेक दार उघडलं. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत पाड्यावरच्या सगळ्या पोरांनी त्याला तळहातावर घेतलं. पौषात कविताला मुलगा झाला. चांगला गुटगुटीत होता, असं काकांच्या तोंडून ऐकलं.

त्यानंतर काकांचे हात थरथरू लागले. मी माळ्यावर गेले. दोन पावसाळ्यांच्या ओलीने आरशावर बुरशी आली, माझ्या पोटात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. मला वाटलं, संपलं आपलं.

यंदा पोशी आठवीसाठी जव्हारच्या वसतिगृहात आली आणि पहिल्याच रविवारी दुकानात हजर झाली.

"काका, दुर्बीण कुठंय?"

"तिला आता दिसत नाही बाळा."

"मग धुवू ना."

काका स्टुलावर बसून सांगत गेले आणि ती करत गेली. आरसा घासायचा नाही, नुसतं पाणी सोडायचं, ओल्या कापसाने हलकेच टिपायचं. दोन डाग राहिले, पण चंद्र पुन्हा लख्ख दिसला. परवा साखरशेतच्या शाळेत पोशीनेच मुलांना तो दाखवला. एकाने माझं नाक, म्हणजे डोळा लावायची नळी, जोरात पिळलं, मला राग आला नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात एखादी दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक पडून असेल. मुलं मोडतील म्हणून कोणी बाहेर काढत नसेल. तुम्ही जाऊन किल्ली मागा. नीट वापरू, असं सांगा, आणि मग खरंच नीट वापरा.