आठशे बाराव्या फेरीनंतर

नखाएवढा जीव माझा, म्हणून आवाजही बारीक. जरा जवळ येऊन ऐका. मी मेमरी कार्ड बोलतोय, स्वस्तातलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला सांगता येणार नाही. पहिली जाग आली ती दादर स्टेशनबाहेर, फुटपाथवरच्या एका टेबलावर, मोबाईलच्या कव्हरांच्या ढिगात. तिथून आकांक्षानं मला आणि आणखी चौघांना उचललं.

आकांक्षा माटुंग्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सकाळच्या पाळीत काम करते आणि परळच्या चाळीत राहते. चाळ पाडायच्या आधी तिथल्या बायकांची गाणी ती रेकॉर्ड करत होती. मागच्या वर्षी सुभद्राबाई दोन दिवस तिच्यासमोर बसून गायल्या आणि महिन्याभरात गेल्या. मग तिनं कार्ड उघडलं, तर पहिली तीन गाणी होती. पुढे काहीच नाही.

तेव्हापासून ती आमच्यासारख्यांची परीक्षा घेऊ लागली. कार्ड काठोकाठ भरायचं, भरलेलं वाचून ताडून बघायचं, पुसायचं, की एक फेरी झाली. मग पुन्हा भरायचं. कॉम्प्युटर दिवसभर हेच करायचा. भरताना मला झोप लागल्यासारखं वाटे. आकड्यांचे थवे यायचे, पोटात उतरायचे. पुसलं की सगळं पांढरं. स्वप्न पडलं होतं एवढंच कळायचं, कसलं ते नाही.

माझ्या शेजारच्या कार्डावर चौसष्ट जीबी लिहिलं होतं, आत जागा आठाचीच. नवीन आलं की ते जुन्याच्या अंगावर झोपवायचं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं. दुसरं एक तापून गेलं. ग्रंथालयातला डॅनी, गिरगावचा, एकदा तिला म्हणाला, "अगं, चांगल्या कंपनीचं एक घे नि मोकळी हो."

"चाळीत सगळ्यांच्या फोनमध्ये हीच कार्डं आहेत," ती म्हणाली. "त्यांच्याकडे काय उरणार, ते मला कळायला हवं."

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या जाईबाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आवाज जाणार हे स्पष्ट सांगितलं होतं. त्यांची गाणी आकांक्षानं जपून तीन ठिकाणी ठेवली. गाणी संपली तरी जाईबाई दुपारच्या येत राहिल्या. कार्डात नुसते आकडे भरतात हे ऐकून त्यांना वाईट वाटलं.

"त्यापरीस मी बोलते की," त्या म्हणाल्या. "पुसलं तर पुसलं. उद्या परत बोलंन."

मग रोज दुपारी मी रेकॉर्डरमध्ये आणि समोर जाईबाई. भाजी, गुडघे, नळाचं पाणी. सकाळी आकांक्षा ते पुसून टाकी आणि परीक्षा पुढे चाले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी शिवडीच्या गोदामाची गोष्ट काढली. तिथे त्या पोती शिवायच्या. एक हमाल चांगली शिवलेली पोती परत आणायचा, टाका सुटला म्हणायचा. आठवडाभर त्यांनी ती निमूटपणे शिवून दिली. मग एकदा बघितलं, तर टाका त्यानंच उसवलेला. जाईबाई खूप वेळ हसत राहिल्या. आणि पुढे जन्मभर ज्याला नुसतं 'आमचे हे' म्हटलं, त्या हमालाचं नाव त्यांनी घेतलं. राजाराम.

दुसऱ्या दिवशी जाईबाई दवाखान्यात गेल्या. आकांक्षानं सवयीनं मला कॉम्प्युटरला लावलं आणि पुसायला सांगितलं. मी पुसलो गेलो नाही. तिनं तीनदा प्रयत्न केला. ती आठशे बारावी फेरी होती. मी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. आमच्यासारख्याला मुद्दाम काही करता येत नाही. अंग झिजलं होतं. झिजलेलं कार्ड कधी कधी असं होतं, त्यातलं वाचता येतं, पण बदलता येत नाही. आकांक्षानं वहीत लिहिलं, 'निकामी.' मग आत काय अडकलंय ते तिनं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

तीन आठवड्यांनी जाईबाई घरी आल्या, गळ्याला पट्टी, हातात पाटी. आकांक्षानं काही न सांगता गोदामाची गोष्ट लावली. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. नाव आलं तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं, पुन्हा लावायला लावलं. नंतर पाटीवर लिहिलं, 'ही बाई लई बोलती.' आणि आवाजाशिवाय हसल्या, खांदे हलवत.

आता त्या दुपारच्या चार प्रती आहेत. माझी कुणाला गरज नाही. मी एका पाकिटात पडून असतो. एक सांगतो, तुमच्या माणसांचा आवाज माझ्यासारख्या एकट्यावर सोपवू नका. बाकी माझं बरं चाललंय. स्वप्न एकच पडतं, पण आता ते पुसत नाही. टाका उसवतो, कुणीतरी शिवतं, आणि गोदामात दुपार असते.