निळ्या पिंपातला दोर

"अवो, हात चरचरतायत माझं," खालून मालू ओरडली.

बाबाजी तेव्हा शिरीषाच्या बेचक्यात उभा होता, जमिनीपासून आठ वाव उंच. दोन्ही हात पसरले की एक वाव. झाडावर चढणारी माणसं अजून त्यातच मोजतात. खाली रोह्यातल्या एका मंगल कार्यालयाचं अंगण होतं, मागे कुंडलिकेचं पाणी, आणि मांडवाच्या पत्र्यावर झुकलेला एक जाड फांदा. तेवढा उतरवला की काम संपलं असतं.

"सकाळी मिरच्या कांडल्यास काय गो?" त्यानं विचारलं.

"मिरच्या नाय वो. दोर धरला की चरचरतंय."

कमळाकर मुकादम हसला. "वयनी, तीस वरसं नवऱ्याला बांधून ठेवलंत, आता व्हय हात दुखायला लागले?"

मालू हसली नाही. दोर धरायचं काम तिचं. बाबाजीच्या कमरेचा दोर त्याच्या डोक्यावरच्या फांदीवरून खाली जायचा, शेजारच्या माडाच्या बुंध्याला तीन वेढे घ्यायचा आणि तिच्या हातात यायचा. उरलेल्या दोराचं वेटोळं तिच्या पायाशी. उतरायची वेळ झाली की वेढ्यांतून ती दोर सोडत जायची आणि हा अलगद खाली यायचा. जिते गावाहून गाडी धरून दोघांनी पेणपासून रोह्यापर्यंत किती झाडं उतरवली त्याला गणती नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यानं आपला दोर कधी दिला नव्हता.

"पदर गुंडाळून धरला तर पदराला भोकं पडली," ती म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "बोट लावलं की कापड तुटतंय."

बाबाजीला निळं पिंप आठवलं.

महिन्यापूर्वी कमळाकरनं भंगारातून दोन निळी पिंपं आणून दिली होती. कुठल्याशा केमिकल कंपनीतली, झाकणाची, मजबूत. घरोघरी असतात तशी. मालूनं राखेनं घासून तीन पाण्यांनी धुतली. जुना दोर उंदरांनी कुरतडला होता, म्हणून हा नवा नायलॉनचा दोर बाबाजीनं स्वतः पिंपात ठेवला. पिंपाच्या बुडाला कडेनं खोल खोबण असते. तिथं हात पोचत नाही, राखही पोचत नाही. तिथं काय साचून राहिलं होतं कोण जाणे.

त्याचा बाप काथ्याच्या दोरावर चढायचा. रोज सकाळी डोळे मिटून अख्खा दोर हातातून काढायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटांना कळतं म्हणायचा. बाबाजीनंही चाळीस वर्षं तेच केलं. आज गाडी उशिरा आली, कमळाकर फाटकातच घड्याळ दाखवत उभा होता. बाबाजीनं वरचे चार वाव हातातून काढले आणि कमरेच्या पट्ट्याला गाठ मारली. बुडातला दोर तसाच मालूच्या पायाशी पडला.

म्हणजे वर आलो तो चांगल्या दोरावर. उतरायचं ते त्या दोरावर.

"मालू, एक बोटभरही सोडू नको!"

"नाय सोडत."

त्यानं खाली बघितलं. खालचे सगळे फांदे त्यानंच सकाळपासून उतरवले होते. बेचक्यापासून बुंध्याला टेकवलेल्या शिडीच्या टोकापर्यंत पाच वाव नुसतं खोड, कवेत न मावणारं.

"अग्निशामकवाल्यांना फोन करू?" कमळाकरनं विचारलं. तो आता हसत नव्हता.

"कर. पर ते येईतो..." बाबाजी थांबला. त्याला खोडाशी धरून ठेवणारा आखूड पट्टा त्याच्या नजरेसमोर होता. तोही महिनाभर त्याच पिंपात होता. त्यानं शिवणीवर नख फिरवलं. एक धागा पांढऱ्या भुकटीसारखा निघून आला.

त्यानं एका हातानं फांदी कवटाळली.

"मालू, वेढे कमळाकरला धरायला दे. तू वेटोळ्याकडनं दोर हातातून काढत ये. डोळे मिटून. कुठं कडक लागतोय ते सांग."

"आधी बादलीत हात घाला, वयनी," कमळाकर म्हणाला.

"हात मागनं घालीन," मालू म्हणाली आणि डोळे मिटले.

तिच्या तळव्यांची आग होत असणार हे त्याला दिसत होतं. ती दर हाताला ओठ चावत होती. "कडक... कडक... हितं चुरा निघतोय..." वेटोळं संपलं. माडापासून दोन हातांवर ती थांबली. "हितनं मऊ हाय."

दोन हात. तिनं आणखी दोन हात दोर सोडला असता तर!

"तिथं कोयत्यानं तोड. मग वेढे सोड, मी सगळा दोर वर घेतो."

"वेढे सोडले तर तुमाला धरंल काय?"

"पट्टा."

तिनं कोयता उचलला. पट्टा कुठं ठेवलेला होता ते तिलाही ठाऊक होतं.

दोर सुटला. बाबाजी खोडाला चिकटून उभा राहिला आणि डोळे मिटून दोर वर ओढू लागला. एक वाव मऊ. दोन. तीन. चार. पाचव्या वावात बोटं अडली. जिथं वेटोळं पिंपाच्या भिंतीला टेकलं होतं तिथं दोर वाळक्या वेलीसारखा झाला होता. पुढं दर दोन हातांवर तसंच. असले तुकडे जोडून त्यावर जीव टांगायची त्याची छाती नव्हती. त्यानं कडक जागेच्या अलीकडं कमरेचा कोयता मारला. गाठीला अर्धा वाव गेला. खाली लोंबायला उरले चार.

पाहिजे होते पाच.

"मशीन?" कमळाकरनं चाचरत विचारलं.

"मशीन उतरवू का मी उतरू रं?"

करवतीचं मशीन त्यानं फांदीच्या खुंटाला अडकवलं. कमरेचा दोर सोडून त्याची गाठ बेचक्याला मारली, दोनदा ओढून बघितली. मग पट्टा सोडायला हात नेला आणि हात हलेना. बोटं कडीवर तशीच राहिली. घामानं डोळे झोंबत होते.

"या वो," मालू खालून म्हणाली. ती शिडीला अंगानं रेटून उभी होती. "मी धरलीय."

त्यानं कडी सोडली.

बापानं शिकवलं तसा दोर दोन्ही पावलांमध्ये आवळला आणि हातामागून हात उतरू लागला. खोड नाकासमोरून वर जात होतं. प्रत्येक हाताला तो दोराचं बोलणं ऐकत होता. एक तरी तंतू तुटला तर ऐकू येईल असं वाटत होतं. मग पावलांमधून दोर निसटला. संपला होता. तो दोन्ही हातांनी दोराच्या टोकाला लोंबकळला, पाय हवेत.

"डावीकडं! आजून वाईच खाली... हां!" मालू ओरडली.

अंगठ्याला शिडीची वरची पायरी लागली. मग पूर्ण पाऊल.

खाली आल्यावर तो बसलाच. कमळाकरनं पाण्याची बादली आणली. मालूनं कोपरापर्यंत हात बुडवले आणि मग कुठं रडली. तळवे लालभडक झाले होते.

"आता दवाखान्यात चला," कमळाकर म्हणाला. मग खाली पडलेल्या दोराकडं बघून म्हणाला, "यातला बरा तुकडा शेळी बांधायला..."

बाबाजीनं कोयता घेतला आणि तो दोर वीतभर वीतभर तोडायला लागला. शेळीलाही नको. तोडता तोडता त्याचा हात थांबला.

"मालू, दोन पिंपं होती. दुसऱ्यात काय हाय?"

तिनं बादलीवरून मान वर केली.

"तांदूळ. परवा भरला. आज पयल्यांदा त्यातला काढला."

फोन कमळाकरच्या हातातून त्यानं हिसकावूनच घेतला. सुनेचा, अनिताचा नंबर त्याला पाठ होता, तरी बोटं दोनदा चुकली. रिंग वाजत राहिली. नात किमया शाळेतून यायची हीच वेळ, आणि आली की पोर आधी भात मागते.

"हॅलो?"

"अनिता, भात केलास?"

"आत्ताच उतरवला, बाबा. किमयाला वाढतेय. का वो?"

"तिनं घास घेतला का?"

"नाय आजून. हात धुतेय."

बाबाजीनं डोळे मिटले. बोटं अजून दोर धरल्यासारखी वळलेली होती.

"ताट उचल," तो म्हणाला. "आधी ताट उचल. मग सांगतो."