मानेजवळचा तुकडा

त्या दिवशी आईचं भांडण बर्फवाल्याशी झालं होतं. त्यानं लाद्यांऐवजी चुरा आणून ओतला होता आणि वर तिलाच समजावत होता की मावशी, शेवटी बर्फ तो बर्फच. आई म्हणाली की मग उद्यापासून मीही तुला नोटांचा चुरा देत जाईन. तो हसला, ती हसली नाही. मला ग्रंथालयाला सुट्टी होती. मी दुकानाच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घरी न्यायचे लहान मासे साफ होण्याची वाट पाहत होते. इतका साधा दिवस, की मी मधूनमधून जांभया देत होते.

तेवढ्यात एक तरुण आला आणि फळीवरच्या मोठ्या ट्यूनाकडे बोट दाखवून चांगला जाड तुकडा द्या म्हणाला.

"घरात कोण खाणार?" आईनं विचारलं.

बायको, तो लाजत म्हणाला. सातवा महिना आहे, तिला हाच हवाय.

"मग हा नाही. हे छोटे घेऊन जा."

"मावशी, विकायलाच ठेवलाय ना?"

"तुझ्यासाठी ठेवलाय. तू खा कधीतरी, चवीपुरता. तिच्या ताटात जाऊ देऊ नकोस."

पाठीमागे खवले काढत बसलेला मामा पुटपुटला, "ताई, आपण दुकान चालवतोय की दवाखाना?"

"दवाखान्यात एवढी धारदार सुरी देत नाहीत," आई म्हणाली आणि छोटे मासे तोलायला लागली.

मोठा मासा कापताना आईला पाहणं हा माझ्या लहानपणातला सर्वांत मोठा आनंद होता. सुरीला ती कधी जोर लावायची नाही. आधी तळहात कण्यावरून फिरवायची, सांधा कुठे आहे ते बोटांनी शोधायची आणि मग सुरी अशी उतरायची, की जणू मासा तिथं आधीपासूनच वेगळा होता. पुढे मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ हुशार माणसं पाहिली. एखाद्या कामात इतकं बुडालेलं माणूस मला फारसं भेटलं नाही.

पूर्वी गल्लीत कुणाला दिवस गेले की त्या बाईसाठी सर्वांत मोठ्या माशाचा मानेजवळचा तुकडा राखून ठेवायचा, अशी तिची पद्धत होती. तो विकायचा नाही, कागदात गुंडाळून घरपोच द्यायचा. मासा जितका मोठा तितकं त्याच्यात बळ जास्त, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. मासे विकणाऱ्याच्या घरातच वाढू शकेल अशी ही समजूत होती. माझ्या वेळेस तर तिनं त्या तुकड्याशिवाय एकही आठवडा जाऊ दिला नाही. तलवार मासा, शार्क, ट्यूना, जे मोठं येईल ते. मी आवडीनं खाल्लं.

माझी लेक तीन वर्षांची होत आली तरी तिला नीट बोलता येत नव्हतं. त्याच सुमारास आरोग्य केंद्रातली नर्स दुकानात आली आणि तो कागदाचा पुडा पाहून आईला बाजूला घेऊन बोलली. समुद्रात पारा असतो, तो लहान माशांच्या अंगात थोडा थोडा जातो. त्यांना खाणाऱ्या माशांत तो साठत जातो, आणि सर्वांत मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशात सर्वांत जास्त. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधू शकतो. आईनं विचारलं, धुतल्यावर जातो का? नर्स नाही म्हणाली. भरपूर शिजवला तर? तरी नाही. कातडी, चरबी काढून टाकली तर? तो मांसातच असतो, मावशी, नर्स म्हणाली. आईनं तो पुडा उलगडला आणि तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी दुकान मामावर सोपवायची, हातांना लिंबू चोळायची, धुतलेली साडी नेसायची आणि बाहेर पडायची. ज्या ज्या घरी तिनं पुडा पोचवला होता, त्या त्या घरी जाऊन ती सांगत होती, की माझं चुकलं. मामा घरी येऊन कपाळाला हात लावायचा. आपल्याच मालाची बदनामी करत दारोदार फिरणारी दुकानदारीण त्यानं जन्मात पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती. कुणी तिच्याकडे खुलासा मागितला नव्हता, कुणाला काही कळलंही नसतं.

ती फेरी संपल्यावर एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तीही घालायला लागली. लेक शेजारच्या खोलीत ठोकळ्यांशी खेळत होती, मुक्यानंच. आई म्हणाली, "हिचं बोलणं माझ्यामुळे अडलं का गं?"

मी तोपर्यंत सगळं वाचून काढलं होतं. मी तिला नीट समजावलं. हजारो मुलांचा अभ्यास करतात तेव्हा काही फरक दिसतो, एका मुलाबद्दल मात्र तसं ठामपणे सांगता येत नाही. उशिरा बोलण्याची कारणं अनेक असतात. हिच्या बाबतीत डॉक्टरांनाही कळलेलं नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं, हातातल्या फ्रॉकची पुन्हा एकदा घडी घातली आणि म्हणाली, "बरं."

लेक पुढे बोलायला लागली. आता तर तिला थांबवावं लागतं. आईनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

ट्यूना मागणारा तरुण येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी मामानं दुकान उघडलं. मी त्याच्या मदतीला गेले होते. फळी घासताना दारात एक उंच बाई येऊन उभी राहिली. पलीकडच्या चौकात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. तिला काही घ्यायचं नव्हतं. ती म्हणाली, तुझी आई आमच्याकडे आली होती तेव्हा मी फार वाईट वागले. आत घेतलं नाही, दारातच उभं करून तोंडाला येईल ते बोलले. माझा मुलगा धडधाकट होता, तरीही बोलले. तुझी आई खाली मान घालून ऐकत राहिली.

"मग मी तिला म्हटलं, दुसऱ्यांच्या घरी विष वाटलंस, स्वतःच्या घरी दिलं असतंस का? तर म्हणाली, लेकीला सर्वांत जास्त मीच दिलं. नात अजून बोलत नाही."

मामाची खवल्यांवरची सुरी थांबली.

"माझा राग तिथंच उतरला. मी विचारलं, मग लेक काय म्हणते?" त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणाली, लेक शिकलेली आहे, पुस्तकातलं सगळं सांगेल. माझ्यावर रागावली आहे की नाही, तेवढं तिच्या तोंडून ऐकायचंय. उद्या विचारते."

म्हणजे ती संध्याकाळ. त्या घड्या. मी तिच्यापुढे अभ्यास मांडत बसले होते आणि तिला हवं होतं ते एका वाक्यात मावलं असतं. त्या दारात तिनं स्वतःचं घर उघडं करून दाखवलं होतं, म्हणून त्या बाईचा राग उतरला. हे तिनं मला कधी कळू दिलं नाही.

बाई अवघडून उभी होती. मामा नाक ओढत होता. माझे हात फळीवरच होते, पाणी वाहत होतं. मी नळ बंद केला, कारण मी जे बोलणार होते ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

"आई," मी म्हणाले, "मी तुझ्यावर रागावले नव्हते. तुझ्यामुळे झालं असतं, तरी रागावले नसते. तू त्या सगळ्या दारांत जाऊन उभी राहिलीस, तेव्हापासून मी लोकांना सांगताना नुसतं आई म्हणत नाही, अभिमानानं माझी आई म्हणते."