मी दुधी नव्हे, ब्रह्मदंड!

मित्रांनो, मी एक जुना ब्रह्मदंड आहे. नाव आधीच सांगून टाकतो, कारण लोकांची भलतीसलती नावं ऐकून माझे कान किटले आहेत.

या विश्रामगृहाच्या बागेत मला मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी लावलं. तेव्हा मी तेलाच्या डब्यात मावत होतो. ते होते तोवर माझं कोण कौतुक! ते गेले आणि माझं नावही त्यांच्याबरोबर गेलं. आता पाहुणे माझ्या सावलीत खुर्च्या टाकतात आणि वर बघून अक्कल पाजळतात. माझी फळं दोरीसारख्या लांब देठांना लोंबतात ना! कुणी म्हणतं फणस, कुणी म्हणतं काकडी. एका काकांनी तर छातीठोक सांगितलं, "प्लॅस्टिकची आहेत, शोभेला टांगलीत." काय बोलणार, कपाळ!

यंदा सुट्टीला एक मावशी आणि त्यांची भाची आली. सकाळी माझं एक फळ गवतात पडलं होतं. मावशींनी ते उचललं.

"अगं, केवढा हा दुधी!"

"मावशी, दुधीचा वेल असतो. हे झाड आहे."

"वेल वर चढला असेल. मला नको शिकवूस, जन्मभर भाज्याच निवडतेय मी."

फळ काखेत मारून त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. माझं कच्चं फळ पोटाला फार बाधतं. मी जिवाच्या आकांताने पानं सळसळवली. मावशींना वाटलं, वारा सुटला.

भाचीने वरच्या एका फळाचा फोटो काढला. मोबाईल म्हणाला, काकडी. घ्या! मग मात्र तिने नीट पाहिलं. माझी साल, एका दांडीवरच्या पानांच्या जोड्या, खाली पडलेलं गडद तांबडं फूल. सगळ्यांचे फोटो टाकले, तेव्हा कुठे माझं नाव उमटलं. त्याखालची ओळ वाचून ती धावत सुटली.

"मावशी, थांब! तोंडात घालू नकोस!"

कडू तर नाही ना, हे बघायला उचललेली फोड मावशींच्या ओठांपर्यंत पोचली होती.

मालकीणबाईंनी हाय खाल्ली. "उद्याच हे झाड तोडून टाकते!"

"माझ्यापायी?" मावशी कडाडल्या. "न विचारता मी उचललं, मीच चिरलं. झाड काय माझ्या ताटात येऊन बसलं होतं? फळ कुणाच्या डोक्यात पडायला नको, खुर्च्या बाजूला सरकवा, नावाची पाटी लावा. तोडायचं नाव काढू नका!"

पाटी लागली. मी वाचलो. निघताना मावशींनी माझ्या खोडावर थाप मारली आणि म्हणाल्या, "बाबा रे, आधीच नाव सांगायला काय झालं होतं तुला?"

ऐकलंत? मित्रांनो, आम्हा झाडांना तोंड नाही. पान आहे, साल आहे, फूल आहे. तेवढ्यानेच आम्ही रोज आमचं नाव सांगत असतो. आणखी काय ओरडून सांगू?